मेहरूणचे नाना आणि चीनचा ड्रॅगन

आमचे शेजारी नाना रोज सकाळी पेपर काखेत धरून माझ्या ओट्यावर येतात आणि चीनची तब्येत विचारतात. मलाच विचारतात, कारण ती बिघडवतो मीच. जळगावच्या एका दैनिकात मी परदेशाचं पान लावतो. माझा स्वतःचा परदेश बऱ्हाणपूरला संपतो, पण आमच्या मेहरूण भागात हे फारसं कुणाला ठाऊक नाही.

आमच्या संपादकांचा नियम आहे, मथळ्यात चीनला चीन म्हणायचं नाही, ड्रॅगन म्हणायचं. चीन हा शब्द पडतो लहान, कॉलम रिकामा दिसतो. त्यामुळे माझ्या पानावर ड्रॅगन सोमवारी फूत्कार टाकतो, मंगळवारी त्याच्या अर्थव्यवस्थेला घरघर लागते आणि बुधवारी तो जगाला विळखा घालायला निघतो. वाचक खूश असतात. सगळे अंक ओळीने लावून वाचणारा माणूस एकच, नाना.

"काल त्याले घरघर लागेल व्हती. आज इळखा घालाले उठना कसा? डॉक्टर कोन शे त्याना?" त्यांनी एकदा गंभीरपणे विचारलं.

नाना मूळचे धुळ्याकडचे. आयुष्यभर एसटीत कंडक्टर. चढताना एक गाव आणि तिकिटाच्या वेळी दुसरं गाव सांगणाऱ्या प्रवाशावर त्यांचा जो डोळा असे, तोच आता माझ्यावर असतो. एकदा मी मथळा दिला, 'ड्रॅगनची नवी चाल'. नानांनी बातमी तळापर्यंत वाचली. तीत दोन देशांच्या अधिकाऱ्यांनी हात मिळवून फोटो काढला होता. चाल कोणत्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखव, म्हणाले. मी बराच वेळ बोट फिरवत राहिलो.

ही तपासणी उगाच नव्हती. नानांची लेक लता जावयाच्या नोकरीपायी चीनमध्ये राहते, आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं. पण डॉक्टरांनी तिला प्रवास करायला मनाई केली, तेव्हा माहेरानेच उठून चीनला जायचं ठरलं. माहेर म्हणजे अक्का, नानांची बायको. बाळंतपणात बाप्यांचं काय काम, म्हणून नानांनी स्वतःला आधीच वगळलं होतं; मागे घरी ते एकटेच राहणार होते.

अक्कांचा पासपोर्ट आला, व्हिसा झाला, डिंकाचे लाडू डब्यात गेले. तिकीट तेवढं निघेना. ड्रॅगन जरा खाली बसू दे, असं नाना म्हणत, आणि माझा ड्रॅगन तर रोज उभाच. लाडू जुने झाले, ते आळीने खाल्ले, अक्कांनी नवे वळले. तिकडे लताला आठवा लागला.

शेवटी अक्का स्वतः आल्या. "भाऊ, तुमचं ते जनावर आठ दिवस बांधून ठेवता येईल का?"

मी बांधलं. संपादक रजेवर होते, ती संधी साधून मी सरळ 'भारत-चीन अधिकाऱ्यांची भेट' असा मथळा दिला आणि उरलेल्या जागेत चौकट टाकली. दुसऱ्या दिवशी नाना आले ते घामाघूम होऊन.

"आज तो गप्प काबर शे? तू काय दपाडी ऱ्हायना?"

मी काहीतरी लपवतोय, अशी त्यांची खात्री झाली होती. माझा नाइलाज झाला. सांगून टाकलं, की नाना, मी चीन पाहिलेला नाही. तो ड्रॅगन मी कॉलम भरायला काढतो. लता तिथे राहते, तिलाच विचारा.

तिला रोज विचारतो, नाना म्हणाले. ती म्हणते, शेजारीण सूप आणून देते, बाजार खालीच आहे, अक्काला लवकर पाठवा.

मग अडलंय कुठे, मी विचारलं.

 नानांनी हातातल्या पेपरची घडी घातली, आणखी लहान घडी घातली. तिकीट आजच काढतो, म्हणाले आणि उठले. फाटकापर्यंत गेले, कडी काढली, पुन्हा लावली आणि परत आले. आपल्या घराकडे एकदा पाहून आवाज अगदी खाली आणला.

"भाऊ, चहामा पहिले साखर टाकतस का पत्ती?"