चौथं फडकं

रविवारी सकाळी साडेसहाला पिकअपच्या खाली शिरता शिरता ग्रंथपालानं बायकोला दोन गोष्टी सांगितल्या. एक, बारापर्यंत गाडी तयार होईल. दुसरी, तू टेम्पो सांगू नकोस. त्यांतली दुसरी तेवढी तंतोतंत पार पडली. बायकोनं टेम्पो सांगितला नाही.

बायकोचा अंडी उबवून पिल्लं विकायचा धंदा होता. दोन वर्षं ती पन्नास-शंभर पिल्लं नेणाऱ्या किरकोळ गिऱ्हाइकांवर दिवस काढत होती आणि आता पहिल्यांदाच आठशे पिल्लांची ऑर्डर मिळाली होती. घेणारा मोठा शेडवाला, माणूस एकदम रोखठोक. त्यानं सांगून ठेवलं होतं, "रविवारी चारच्या आत पिल्लं माझ्या शेडवर पाहिजेत. आली, तर दर महिन्याला आठशे तुमच्याकडनंच घेईन. नाही आली, तर तुम्ही तिकडं आणि मी इकडं."

पिल्लं ठरल्या दिवशी अंड्यांतून बाहेर पडली होती. सोळा खोक्यांत भरून ती व्हरांड्यात ठेवली होती आणि आठशेच्या आठशे एका सुरात चिवचिवत होती. पिल्लांना काही 'जरा मंगळवारी या' म्हणून सांगता येत नाही. मेकॅनिकला मात्र ते सांगता येतं, आणि त्यानं तेच सांगितलं होतं.

गाडीचं दुखणं तसं साधं होतं. इंजिनाचा धूर दोन पाइपांतून टर्बोकडं जातो, त्या जोरावर टर्बोतलं चक्र गरगर फिरतं आणि इंजिनाला जास्तीची हवा पुरवतं. ते दोन्ही पाइप गंजून फुटले होते. त्यामुळं गाडी चढावर शिट्टी मारायची, दम टाकायची आणि धूर सायलेन्सरमधून जायच्या ऐवजी खालून वर थेट मागच्या हौद्यात यायचा. पिल्लं हौद्यातच ठेवायची होती. म्हणजे पाइप बदलल्याशिवाय गाडी हलवायची सोयच नव्हती.

"नवे पाइप आणलेत, पाने-पकडी आहेत, पुस्तकात सगळं चित्रांसकट दिलंय. आणखी काय लागतं?" ग्रंथपाल म्हणाला होता.

"पुस्तकात पोहायचंसुद्धा चित्रांसकट असतं," त्याची आई व्हरांड्यातून म्हणाली. पण तिनं जुनी चादर फाडून त्याला चार फडकी दिली. आईच ती.

कामाला सुरुवात मात्र झकास झाली. माणूस ग्रंथालयात अठरा वर्षं काढलेला, त्याला कुठलीही वस्तू नोंदीशिवाय इकडची तिकडं झालेली खपत नसे. काढलेला प्रत्येक बोल्ट तो एका पाकिटात घाली आणि वर नंबर, जागा, लांबी, सगळं सुवाच्य अक्षरात लिही. बावीस बोल्ट, बावीस पाकिटं. आता हे बोल्ट काढायलाच साडेतीन तास गेले, तो भाग वेगळा. गंजानं ते असे धरून बसले होते की तेल मारून झालं, हातोडीनं ठोकून झालं, शेवटी ग्रंथपाल त्यांना "नतद्रष्ट!" असंसुद्धा म्हणाला. याच्या पलीकडची शिवी त्याला येत नव्हती.

दोन्ही पाइप निघाले आणि टर्बोचं तोंड उघडं पडलं. पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की या तोंडात कापड कोंबून ठेवावं, म्हणजे एखादा नट आत पडून चक्राची पाती तुटायची नाहीत. ग्रंथपालानं लगेच एक फडकं कोंबलं. आणि इथंच माशी शिंकली. फडकं हा काही गाडीचा भाग नव्हता, त्यामुळं त्याला पाकीट मिळालं नाही.

सव्वा वाजता शेवटचा बोल्ट बसला. ग्रंथपाल गाडीखालून बाहेर आला तो कोपरापर्यंत काळा आणि चेहऱ्यावर लग्नातल्यासारखा आनंद.

"बावीसच्या बावीस पाकिटं रिकामी! एकसुद्धा बोल्ट उरला नाही."

"बारा म्हणाला होतात," बायको म्हणाली. ती तोपर्यंत सोळाही खोकी हौद्यात चढवून ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. "चला, आवरा. दीड तासाचा रस्ता आहे."

ग्रंथपाल हात पुसायला बादलीकडं वळला. बादलीत तीन फडकी होती. त्यानं ती वर-खाली केली. तीनच.

"आई, तू फडकी किती दिली होतीस?"

"चार. चादरीचे दोनदा दोन तुकडे केले की चारच होतात."

ग्रंथपालानं बादली उपडी केली. फडकं टर्बोत कोंबल्याचं त्याला लख्ख आठवत होतं. पण ते काढल्याचं काही केल्या आठवेना. त्यानं मान वळवली. बायकोनं किल्ली अर्धी फिरवली होती आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझायची वाट बघत होती. डिझेल गाडीत तो दिवा विझला की किल्ली पुढं फिरवायची आणि गाडी सुरू. काही सेकंदांचा तर खेळ.

"थांब! हात काढ! किल्ली काढ! काहीतरी काढ!" असं ओरडत तो बॉनेटवर जाऊन आडवाच पडला.

बायकोनं किल्ली काढली. सोळा खोकी क्षणभर चिडीचूप झाली आणि मग दुप्पट जोरानं ओरडू लागली.

"आता काय?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. ती जागची हलली नाही. असल्या वेळी बायको ओरडली तर बरं असतं, पण ती शांतपणे म्हणाली, "एवढंच सांगा, फडकं काढलं होतंत की नाही?"

"काढलं असणार."

"असणार नको. हो की नाही?"

"साठ टक्के हो."

"आणि चाळीस टक्के?"

"चाळीस टक्क्यांत टर्बो फुटेल, इंजिन जाईल आणि गाडी भररस्त्यात बंद पडेल."

मग शोधाशोध सुरू झाली. गाडीखाली, बादलीखाली, गटारात, ग्रंथपालाच्या खिशांत, आई बसली होती त्या खुर्चीच्या गादीखाली. आई म्हणाली, "माझ्याखाली कशाला असेल, मी सकाळपासून उठलेय का?" तरी तिला उठवलंच. बायकोनं टेम्पोवाल्याला फोन लावला. तो दुसरं भाडं घेऊन कधीच निघून गेला होता. "सकाळी सांगितलं असतंत तर," एवढंच तो म्हणाला आणि तेवढंच फोनच्या बाहेर ऐकू आलं. ग्रंथपालाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"उघडावं लागेल," तो म्हणाला.

"सगळं?"

"सगळं."

बायकोनं सोळा खोकी परत उतरवून व्हरांड्यात नेली. दोन वर्षांत तिनं कितीतरी रात्री अंडी उबवायच्या यंत्राशी बसून काढल्या होत्या, वीज गेली की अंड्यांवर गोधड्या घातल्या होत्या, आणि आता सगळा मामला एका चादरीच्या तुकड्यावर येऊन अडला होता. तिला रडू येत होतं. पण रडायला वेळ नव्हता, म्हणून ती गाडीपाशी बसून त्याला पाने देऊ लागली.

सकाळी हटून बसलेले बोल्ट आता भराभर निघत होते. पाकिटं पुन्हा भरू लागली. गाडीखालून बराच वेळ नुसता खडखडाट ऐकू येत होता. मग तो थांबला.

"चुकलं माझं," ग्रंथपाल म्हणाला. "टेम्पो सांगायला हवा होता. मला वाटलं, तुझ्या पहिल्या मोठ्या ऑर्डरला आपलीही काहीतरी मदत व्हावी."

बायकोनं पान्यांत हात घातला. मग तिनं विचारलं, "तेरा नंबरचा हवाय की चौदा?"

"तेरा."

अडीचला शेडवाल्याचा फोन आला. "निघालात ना?"

"निघालो निघालो," बायको म्हणाली. जन्मात खोटं न बोललेली बाई, पण वेळच तशी होती.

तीनला पुन्हा फोन. "कुठवर आलात?"

"हे काय, पुलापाशी आहोत."

"पुलापाशी?" शेडवाल्याचा आवाज बदलला. "मी पुलावरच उभा आहे की. तुमची वाट बघून बघून पुढं आलो. मला तर एक म्हैस सोडून काही दिसत नाही."

"दुसऱ्या पुलापाशी," बायको म्हणाली.

त्या रस्त्याला दुसरा पूल नव्हता. हे तिला माहीत होतं, त्याला माहीत होतं, बहुधा म्हशीलाही माहीत असावं. "मी घरीच येतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. बायको खाली वाकून ओरडली, "अहो, आटपा! तो इकडंच येतोय!"

त्याच वेळी शेवटचा पाइप सुटला. ग्रंथपालानं टर्बोच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकला. मग एक बोट घातलं. मग दुसरं घातलं.

"नाहीये," तो म्हणाला.

"काय नाहीये?"

"फडकं. आत काहीच नाहीये. सगळं स्वच्छ आहे."

"म्हणजे दोन तासांपूर्वी मी किल्ली फिरवली असती, तर आत्ता आपण शेडवर असतो?"

"हो."

"म्हणजे ही बातमी चांगली धरायची की वाईट?" आईनं विचारलं.

थोड्या वेळानं कोपऱ्यावरून एक लांबलचक शिट्टी ऐकू आली. मागोमाग काळ्या धुराचा लोट आणि त्या लोटातून शेडवाल्याची पिकअप प्रकटली. तो उतरला, खोकला आणि म्हणाला, "हा तुमचा पूल वाटतं?"

बायको शरमेनं लाल झाली. "चुकलं. गाडी उघडून पडलीय. पण पिल्लं एकदम ठणठणीत आहेत, मोजून घ्या."

"आणून द्यायची बोली होती. माझी गाडी धड असती तर तुम्हाला सांगितलं असतं कशाला?" असं बडबडत तो व्हरांड्यात गेला आणि एकेक खोकं उघडून बघू लागला. पिल्लांना मात्र तो जपून हात लावत होता. पहिलं, दुसरं, तिसरं, सगळी पिवळीधमक. बायकोच्या जिवात जरा जीव आला. त्यानं सातवं खोकं उघडलं आणि थबकला.

"ही काळी कुठली जात?"

सातव्या खोक्यातली पन्नास पिल्लं कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी काळीकुट्ट झाली होती. बायकोनं त्यांच्याखाली हात घातला आणि एक फडकं बाहेर ओढलं. चादरीचं. काजळीनं माखलेलं. ते बघताच तिला सगळं आठवलं. बारा-साडेबाराला या खोक्याचा तळ गुळगुळीत लागत होता, पिल्लांचे पाय घसरत होते, म्हणून तिनं गाडीपाशी जाऊन "अहो, जरा एखादं फडकं द्या" म्हणून हात पुढं केला होता. गाडीखालून एक फडकं आलं होतं. त्यानं न बघता दिलं होतं आणि तिनं न बघता घातलं होतं.

नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं. दिवसभर मनात साठवलेलं जे जे ती त्याला रात्री ऐकवणार होती, ते सगळं तिनं मुकाट्यानं गिळलं.

"जात तीच आहे," ती शेडवाल्याला म्हणाली. आता खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता. "ती गाडीची काजळी आहे. फडकं मीच घातलं आणि मीच विसरले. ही पन्नास तुम्ही मोजू नका. बाकीची घ्या, नको असतील तर तीही राहू द्या."

एक काळं पिल्लू उचलून शेडवाल्यानं बोटानं पुसलं, खालून पिवळा रंग निघाला. पिल्लू त्याच्या बोटाला चोचीनं टोचू लागलं. त्यानं ते हलकेच परत ठेवलं आणि उघड्या पिकअपपाशी जाऊन तो उकिडवा बसला. बराच वेळ तो खालून बघत होता. मग ओळीनं मांडलेली पाकिटं त्याला दिसली. एक उचलून त्यानं वरचं अक्षर वाचलं, आतला बोल्ट काढून बघितला, परत ठेवला.

"पाइप कुणी काढले?"

"मी," ग्रंथपाल म्हणाला.

"दोन्ही?"

"दोन्ही. दोनदा."

"एका दिवसात?"

"अहो, पण मला यातलं काही येत नाही," ग्रंथपाल कळवळून म्हणाला. "मी ग्रंथालयात काम करतो. सगळं बसवून झालं आणि मग आठवलं, की फडकं आत राहिलं असेल. म्हणून पुन्हा उघडलं. तुमच्या पिल्लांना उशीर झाला तो माझ्यामुळं. हिचा काही दोष नाही, तुम्ही ऑर्डर मोडू नका."

शेडवाल्यानं आपल्या धुरकटलेल्या पिकअपकडं बघितलं, मग ग्रंथपालाकडं.

"माझा मेकॅनिक गेल्या वर्षी आत पाना विसरला," तो म्हणाला. "त्याला अजून आठवलेलं नाही."

एवढं बोलून तो उठला आणि खोकी उचलू लागला. काळ्या पिल्लांचं सातवं खोकं त्यानं स्वतःशेजारी पुढच्या सीटवर ठेवलं. त्याच्या गाडीचा धूर हौद्यात न येता बाजूनं निघत होता, तरी हौद्यातली खोकी त्यानं ताडपत्री घालून झाकली आणि इंजिन सुरू करताच शिट्टी वाजली तशी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "पुढच्या महिन्याची आठशे पक्की, ताई. आणि ही गाडी पुढच्या रविवारी इथं आणतो."

ग्रंथपालानं नाही म्हणायला तोंड उघडलं.

"सकाळी साडेसहापर्यंत आणा," बायको म्हणाली. "यांना वेळ लागतो, पण काम चोख करतात."