परबांच्या गाडीतली खटखट

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत रोज सकाळी सात वाजता सत्तरीचे एक गृहस्थ मोटरसायकलपुढे गुडघे टेकून बसतात, हातभर लांबीचा पेचकस चालू इंजिनावर टेकवतात, त्याची लाकडी मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून घेतात. नवख्याला ही उपासना वाटते. नवा दूधवाला पहिल्या दिवशी चपला काढून मागे उभा राहिला होता. हे श्री. दिगंबर परब, तळमजला. त्यांच्याविरुद्ध मी आजवर अकरा तक्रारी केल्या आहेत, सर्व लेखी, आणि त्यांतला एकही शब्द मी मागे घेतलेला नाही.

मी एका विमा कंपनीच्या विधी विभागात चौतीस वर्षे काढली. शांततेत राहण्याचा नागरिकाचा हक्क म्हणजे काय हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. परब मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात. मी वकील नाही, हे मी त्यांना दोनदा तोंडी आणि एकदा लेखी कळवले. तिन्ही वेळा त्यांचे उत्तर एकच होते, “बरां, वकीलसाहेब.”

परब मूळचे मालवणकडचे. इथल्याच एका कारखान्यात ते फिटर होते. तो कारखाना कधीच बंद पडला. त्या जागी आता परदेशी नावाचा टॉवर उभा आहे. परबांची सवय मात्र गेली नाही. जगातली प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक माणूस ते आवाजावरून ओळखतात. आमच्या पाण्याच्या पंपाला एकदा त्यांनी पेचकस लावला आणि बेअरिंग आठ दिवसांत जाणार असे सांगितले. कमिटीने दुर्लक्ष केले. सातव्या दिवशी सारी इमारत बादल्या घेऊन खाली उभी होती. आमच्या सेक्रेटरींविषयी त्यांचे मत असे की रेस खूप आहे, पिकअप नाही. मागच्या थंडीत मी गॅलरीत खोकलो, तर खालून विचारणा झाली, “वकीलसाहेब, सायलेन्सर साफ केलात काय या वर्षी?”

एवढा कान असलेल्या माणसाची स्वतःची गाडी मात्र दोन वर्षे खटखटत होती. छत्तीस वर्षांची, काळी, लोखंडाची गाडी. ती सुरू झाली की तिच्या पोटातून एक कर्कश खटखट निघे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या चहाच्या कपापर्यंत येऊन पोहोचे. परबांनी आधी निदान केले की टॅपेट सैल आहेत. ते आवळले. आवाज तसाच. मग टायमिंग चेन. ती बदलली. आवाज तसाच. अखेर त्यांनी संपूर्ण इंजिन उतरवले आणि त्याचे अवयव वर्तमानपत्रांवर मांडून सामायिक मार्ग नऊ दिवस अडवला. त्याविषयीचे माझे पत्र वेगळे आहे. दहाव्या दिवशी त्यांनी किक मारली, आणि खटखट पुन्हा हजर. 

तक्रार मोघम असू नये हे माझे तत्त्व आहे. म्हणून मी प्रत्येक पत्रात आवाज किती वाजता सुरू झाला, किती मिनिटे टिकला आणि त्याचे स्वरूप काय होते हे नोंदवीत असे. पाचव्या पत्राला परबांचे उत्तर आले, पेन्सिलीने लिहिलेले: ‘पत्र पावले. पत्र्यासारखा आवाज म्हणता, तो पातळ पत्र्याचा की जाड? कळवावे.’ प्रश्न उद्धट असेल, पण अप्रस्तुत नव्हता. मी उलट टपाली ‘पातळ’ असे कळवले. पुढे जिन्यात भेटले तेव्हा ते म्हणाले की माझ्याइतके नेमके गॅरेजवालेही सांगत नाहीत. तक्रारदाराचा असा गौरव मी अन्यत्र पाहिलेला नाही.

अकराव्या पत्रानंतर कमिटीला कर्तव्याची आठवण झाली. परबांना नोटीस गेली: पंधरा दिवसांत आवाज बंद करावा, अन्यथा गाडी आवारातून हलवावी. गाडी बाहेर रस्त्यावर ठेवायला जागा नाही, आणि या वयाची गाडी भंगारवाल्याखेरीज कोणी घेत नाही. याचा अर्थ परबांना समजला होता. बुधवारी संध्याकाळी ते तीन मजले चढून प्रथमच माझ्या दारात आले.

मी भांडणाच्या तयारीने दार उघडले. त्यांनी आधी श्वास घेतला. मग जमिनीकडे पाहत म्हणाले, “कान पूर्वीसारखो रवलो नाय माझो. बारीक सूर येत नाय आता. कोणाला सांगू नका. तुम्हांला तो आवाज माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. उद्या मागे बसा आणि कुठून येतोय तेवढं सांगा.”

ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाच तक्रारदाराने साहाय्य करावे, याला कोठे आधार सापडत नव्हता. पण मनाईही सापडेना. मी हेल्मेटचा मुद्दा काढला. मागे बसणाऱ्यालाही ते बंधनकारक आहे, आणि ते घातले तर ऐकू काय येणार? बराच विचार करून मी मार्ग काढला की गाडी रस्त्यावर नेऊच नये. खाजगी आवारात, चालण्याच्या गतीने, फेऱ्या माराव्यात.

गुरुवारी सकाळी सातला मी खाली उतरलो. माझा उजवा गुडघा गाडीवरून पलीकडे जात नाही. त्यामुळे मला स्त्रिया बसतात तसे एका अंगाला बसावे लागले, दोन्ही पाय मागच्या चाकाच्या जाळीच्या, म्हणजे साडी गार्डच्या, खालच्या पट्टीवर टेकवून. गॅलऱ्या भरल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी सांगितले, “काका, पदर सांभाळा हां.” तो इसम कोण, हे मला ठाऊक आहे.

परबांनी किक मारली. आम्ही निघालो. पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी मान वळवून काय ऐकू येते असे विचारले. मी म्हणालो, काहीच नाही. त्यांना वाटले मी मुद्दाम सांगत नाही. मी संतापून खाली उतरलो, आणि तत्क्षणी खटखट सुरू झाली. पुन्हा बसलो, बंद. पुन्हा उतरलो, सुरू. दोन वर्षांच्या माझ्या लेखी पुराव्याची ही गाडी भर आवारात थट्टा करीत होती. तिसऱ्यांदा मी बसून राहिलो आणि फक्त पाय उचलले. खटखट. पाय टेकवले. शांतता.

मी वाकून पाहिले. साडी गार्डच्या पट्टीचा एक नट सैल होता आणि ती पट्टी इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला फ्रेमवर आपटत होती. पन्नास वर्षे इंजिनात घालवलेल्या माणसाने इंजिन तीन वेळा उघडले, आणि दोष इंजिनाच्या बाहेर होता. साडी गार्ड असलेच पाहिजे हा नियम मला पाठ आहे. तरी अकरा पत्रांत मलाही ते कधी सुचले नाही.

परबांनी गाडी बंद केली आणि ते तिच्याजवळ खालीच बसले. पट्टीचा रंग दोन ठिकाणी उडून लोखंड उघडे पडले होते. तिथे त्यांनी अंगठा फिरवला.

“हिचे पाय,” ते म्हणाले.

सौ. परब दोन वर्षांपूर्वी वारल्या. कारखाना बंद झाल्यापासून परबांनी त्यांच्याशिवाय गाडी कधी काढलीच नव्हती. रोज सकाळी देऊळ, मग भाजी. किक मारायच्या आत त्या मागे बसलेल्या असत, कारण उशीर त्यांना खपत नसे. नट केव्हा सैल झाला हे त्यामुळे कळलेच नाही. पट्टीवर पाय होते.

“तुमचां पयलां पत्र कधीचां?” परबांनी विचारले.

मी तारीख सांगितली. अशा तारखा मी विसरत नाही. परबांनी बोटांवर मोजले.

“तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी,” ते म्हणाले. “गाडी काढली नि एकटोच बसलंय मी.”

पत्राच्या वरच्या कोपऱ्यात तारीख मीच घातली होती, आणि त्या पंधरवड्यात तळमजल्यावर कोण गेले होते हेही मला माहीत होते.

परबांनी खिशातून दहा नंबरचा पाना काढून नटाला लावला. पण फिरवला नाही.

“अर्धो आटो फिरवलो की बंद,” ते म्हणाले. “मग उद्या सकाळी आवारात येऊन मी करायचां काय, वकीलसाहेब?”

सेक्रेटरी गॅलरीतून पाहत होते, त्यांनाही ऐकू जावे इतक्या स्पष्टपणे मी विचारले, “मुदत कधी संपते म्हणून सांगितले तुम्हांला?”

“शनिवारी.”

“चूक आहे. नोटीस मिळाल्याचा दिवस मुदतीत धरीत नाहीत. म्हणजे रविवार. आणि शेवटचा दिवस सुट्टीचा आला, तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत जाते. सोमवार संध्याकाळपर्यंत हा आवाज पूर्णपणे कायदेशीर आहे.”

परबांनी पाना खिशात ठेवला आणि किक मारली.