पोप कोण होणार, हे गजभियेसाहेबांना विचारा

गजभियेसाहेब माणसाचा चेहरा पाहून त्याचे भविष्य सांगत नाहीत. खोलीचे पडदे पाहून सांगतात. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नेमणुका आणि बदल्यांच्या फायली हाताळण्यात त्यांची सारी नोकरी गेली. पुढचा सचिव कोण, हे मंत्र्यांच्या आधी गजभियेसाहेबांना कळत असे आणि गजभियेसाहेबांच्या आधी, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, फक्त पडदेवाल्याला.

"नवा साहेब यायच्या आधी पडद्याचं माप घ्यायला माणूस येते, प्रोफेसर. त्याले फक्त रंग विचारायचा. हिरवा सांगितला तर साहेब शेतकी खात्यातून येते. मळखाऊ सांगितला तर वित्त मंत्रालयातून. फाइल खोटं बोलते, पडदा नाही बोलत."

मी प्रोफेसर नाही. मी शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. परंतु गजभियेसाहेबांनी डीपीसीची, म्हणजे पदोन्नती समितीची, बैठक न घेता मला ही बढती दिली आहे, आणि ती नाकारण्याचे धाडस माझ्या स्वभावात नाही.

साहेब मूळचे भंडाऱ्याकडचे. निवृत्तीनंतर दिल्लीतील आर. के. पुरमचे सरकारी क्वार्टर सोडून ते नोएडातील आमच्या सोसायटीत राहावयास आले. तेथल्या पहारेकऱ्यांना 'गजभिये' हे आडनाव पेलेना. त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याचे 'गजब साहब' केले. साहेबांना त्याचा राग आला नाही. "चला, रिटायर झाल्यावर का होईना, नावात तर प्रमोशन झालं!"

अंदाज बांधण्याची सवय मात्र निवृत्त झाली नाही. सोसायटीचा नवा अध्यक्ष कोण, इस्त्रीवाल्याची टपरी कोणत्या फाटकापाशी जाणार, चौथ्या मजल्यावरचे भाडेकरू घर कधी सोडणार, हे सारे ते आधी सांगत आणि ते तसेच घडे. कौतुक केले की म्हणत, "माझा अंदाज आयुष्यात एकदाच चुकला." कोणता, असे विचारले की चष्मा वर सरकवून लिफ्टचे बटण दाबत. लिफ्ट चालू असली तरीही दाबत.

अशात एके दिवशी पोप निवर्तल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला लिफ्टमध्ये गाठले.

"प्रोफेसर, जागा रिकामी झाली."

"कुठली?"

"रोमची. भला माणूस होता, गरिबाचा कळवळा होता. पण खुर्ची आहे बाप्पा! ती काही रडत बसत नाही." आणि माझ्या कानाशी येऊन, "कोण वाटते तुम्हाले?"

मला काहीच वाटत नव्हते. मी वर्गात जळणाऱ्या मॅग्नेशियमच्या फितीचा विचार करीत होतो. परंतु साहेबांचे डोळे असे चमकत होते, की 'मला कल्पना नाही' एवढे म्हणतानाही मला काही अपहार केल्यासारखे वाटले.

त्या दिवसापासून बागेतील सिमेंटच्या बाकावर संध्याकाळची बैठक भरू लागली. पोप ज्यांच्यातून निवडतात ते जगातले सारे कार्डिनल साहेबांनी जणू आपल्या खात्यात वर्ग करून घेतले होते. आफ्रिकेचा कोटा किती, इटलीचा बॅकलॉग केव्हापासूनचा, आशियाला 'प्रतिनिधित्व' मिळणार की नुसते 'आश्वासन', याची ते तावातावाने फोड करीत. फार तरुण माणूस पोप होणार नाही, हे त्यांचे पहिले सूत्र. "तो वीस-पंचवीस वर्षं खुर्चीवर बसला, तर खालच्यायचं काय? सगळ्यायचं प्रमोशन ब्लॉक!" आणि दुसरे सूत्र असे, की ज्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, तो नक्की नाही. "ज्याच्या नावाचे पेढे आधी वाटले जातात ना, त्याची ऑर्डर पोर्ट ब्लेअरची निघते."

आमच्या सोसायटीत खरोखरच्या कॅथलिक म्हणाव्यात अशा एकच बाई, केरळच्या ॲनी आंटी. एका रुग्णालयात त्या मेट्रन होत्या. दोन दिवस त्यांनी ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी त्या बाकासमोर उभ्या राहिल्या.

"गजब भाईसाहब, ये होली स्पिरिट का काम है. आपका डीपीसी नहीं है."

"बिल्कुल, बहनजी," साहेब नम्रपणे उठून उभे राहिले. "पर होली स्पिरिट के पास भी सिनिऑरिटी लिस्ट तो होगी?"

ॲनी आंटी हसू दाबीत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या केळ्याचे वेफर्स घेऊन बाकावरच येऊन बसल्या.

तळमजल्यावरचे चड्ढाजी हे या बैठकीतील विरोधी पक्ष. ते सदैव साहेबांच्या उलट नाव घेत, आणि तेही उच्चार बिघडवून. एकदा ते म्हणाले, "अजी, हमें क्या, चिमनी से धुआँ निकलेगा, पता चल जाएगा."

"धुरांडं," साहेब एकदम म्हणाले.

"क्या?"

"उसको धुरांडा बोलते हैं."

चड्ढाजींनी माझ्याकडे पाहिले, मी वेफर्सकडे. ज्यांच्या बोलण्यात निम्मे हिंदी आणि पाव इंग्रजी, त्या साहेबांना या एकाच शब्दाबद्दल एवढा भाषाभिमान का असावा, हे मला उमगेना. पण तो होता खरा. स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या चिमणीलाही ते धुरांडेच म्हणत. दुरुस्तीला आलेल्या माणसाला एकदा पाऊण तास कळले नव्हते, की नेमके काय बिघडले आहे.

आणखीही एक गूढ होते. साहेबांकडे रोमची बातमी आमच्या वर्तमानपत्रांच्या आधी येई. "आपला सोर्स आहे तिथं," एवढेच ते सांगत. त्या सोर्सने एकदा कळवले, की पोपचा शिंपी तीन झगे शिवून ठेवतो. एक लहान मापाचा, एक मध्यम, एक मोठा. जो निवडून येईल त्याने आपल्या अंगाचा उचलावा. हे ऐकल्यावर साहेबांना जो आनंद झाला, तो मी विसरू शकणार नाही. ते बाकावरून उठले आणि त्यांनी बागेला एक पूर्ण फेरी मारली.

"पडदे, प्रोफेसर! हे तर पडदेच झाले!"

दोन दिवसांनी सोर्सची पुढची खबर आली: शिंप्याने दुकानाच्या खिडकीत मांडलेल्या झग्यांपैकी मोठ्या मापाचा उचलून नेण्यात आला आहे. साहेबांनी तात्काळ निकाल जाहीर केला. पोप अंगाने दणकट असणार. जगातले सडपातळ कार्डिनल त्या संध्याकाळी एकजात बाद झाले.

मलाही एकदा बोलण्याची संधी मिळाली. पोप ठरला की निघणारा पांढरा धूर करतात तरी कसा, असे साहेबांनी विचारले, आणि विषय माझा असल्यामुळे मी धीर केला. पोटॅशियम क्लोरेट, राळ आणि दुधातली साखर, असे मी सांगितले.

"दुधातली साखर?" साहेब थबकले. "म्हणजे पेढाच म्हणा ना! आपण निकाल लागल्यावर वाटतो, ते आधी जाळतात. शहाणे लोक आहेत." मग उगाचच गंभीर होऊन ते म्हणाले, "निकालाच्या आधी पेढा वाटूच नये. जाळून टाकावा."

तिकडे बंद दारांआड कार्डिनलांची मते पडू लागली, त्याच्या दुसऱ्या दुपारी मी साहेबांकडून आलेला वरणाचा डबा परत करण्यास त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी सुमनवहिनींनी दार उघडले आणि ओठांवर बोट ठेवले. साहेब सज्जात पाठमोरे उभे होते आणि कानाला फोन होता.

"हां... काळाच निघाला? पाहिला तू? बरं, बरं. गर्दी किती आहे? आता त्या बेकरीवालीले विचार, तिचा भाचा तिथं आत वाढपी आहे म्हणे... हो, आणि जेवली का?... काय जेवली?"

वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेले.

"संघमित्रा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आमची मुलगी. रोमले असते. जुन्या भिंतींवरची चित्रं साफ करायचं शिकली, तेच काम करते तिथं. तुम्हाले माहीत नसंल, बाप-लेक बोलत नव्हते. पाच-सहा वर्षं झाली."

आणि त्यांनी भांडी आवरता आवरता सारे सांगितले. मुलीने स्पर्धा परीक्षेची लेखी पायरी पार केली, तेव्हा साहेबांनी आर. के. पुरमच्या अख्ख्या ब्लॉकला पेढे वाटले होते: पोरगी आयएएस होते, लिहून घ्या. मुलगी मुलाखतीला गेलीच नाही. तिने रोमचे तिकीट काढले. निघताना साहेब दारातून एवढेच म्हणाले, "सहा महिन्यांत परत येतेस, पाहा तू." ती आली नाही. दर रविवारी ती आईला फोन करी, आणि तेवढा वेळ साहेब वर्तमानपत्र घेऊन सज्जात बसत.

"पोप गेले त्याच्या पुढच्या रविवारी हे सज्जातून आत आले. मले म्हणतात, 'तिले विचार बरं, तिथं लोक काय म्हणून राहिले.' मी म्हटलं, तुम्हीच विचारा, आणि फोन हातात देऊन दिला. तेव्हापासून रोज चालू आहे. ती बिचारी कामावरून सुटली की बापासाठी शिंप्याच्या दुकानापुढे जाऊन उभी राहते." वहिनींनी पदराने हात पुसले. "पण पोपाशिवाय दुसरं काहीच बोलत नाहीत हो. एकदा ठरला तो पोप, की मग? बोलायचं काय? मी तर म्हणते, निघू द्या काळा धूर. चालू द्या चार-सहा महिने."

सज्जातून साहेबांचा आवाज आला, "काळा, काळा! एकमत नाही अजून!" एवढ्या आनंदाने मतभेदाची वार्ता मी कधी ऐकली नव्हती.

"लाडानं चिमणी म्हणायचे हे तिले," वहिनी म्हणाल्या. "ती गेल्यापासून तो शब्दच टाकून दिला. अंगणात चिमणी आली तरी पाखरू म्हणतात."

मी डबा ओट्यावर ठेवला. वर पाहिले, तर तेथे ते धुरांडे होते.

पांढरा धूर निघाला तो त्याच रात्री, आमच्याकडच्या जेवणाच्या वेळी. सोसायटीच्या सभागृहातील मोठ्या टीव्हीपुढे सारे जमले होते. ॲनी आंटींनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली आणि त्या रडू लागल्या. चड्ढाजी कोणत्याही धर्माच्या आनंदात मागे राहत नाहीत. त्यांनी जिलबी मागवली. धूर निघून नाव कळेपर्यंत बराच वेळ जातो. तेवढ्या वेळात लोक ओरडत होते, पैजा बदलत होते. मीदेखील, मला आठवते, खुर्चीवर उभा होतो.

अखेर रोमच्या त्या मोठ्या चर्चच्या सज्जाचे पडदे हलले आणि नवे पोप बाहेर आले. अंगाने मध्यम. साहेबांच्या कोणत्याच यादीत नसलेले.

"गजब साहब!" चड्ढाजींनी आरोळी ठोकली. "आप तो फेल हो गए! लो जी, जलेबी खाओ!"

सुमनवहिनींनी माझ्याकडे पाहिले. साहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. जिलबी हातात तशीच होती, दुसऱ्या हातात फोन. तो वाजत नव्हता. पडद्यावर सारे जग त्या सज्जाकडे मान वर करून पाहत होते. साहेब खालच्या गर्दीकडे पाहत होते, एकेक चेहरा, जणू हजेरी घेत असावेत तसे.

मग त्यांनी जिलबी माझ्या हाती दिली, चष्मा वर सरकवला आणि स्वतः नंबर लावला. आजवर फोन तिकडूनच येत असे.

"चिमणी," ते म्हणाले.

"अजी, चिमनी तो हो गई, अब बालकनी देखो!" चड्ढाजी म्हणाले. साहेबांनी त्यांना धुरांडे शिकवले नाही.

"चिमणी, मी बोलून राहिलो. बाबा. ऐकू येते का? लय गोंधळ आहे तिकडे... हो, पाहिलं. चुकला अंदाज. दुसऱ्यांदा चुकला, बेटा."

पलीकडून काय उत्तर आले, ते कळले नाही. वहिनी उठून त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. टीव्हीवर नव्या पोपांनी नुकताच हात उंचावला होता. गजभियेसाहेब खुर्चीत सावरून बसले, त्यांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला आणि घाईघाईने म्हणाले,

"थांब, ठेवू नको. मले हे सांग, ह्याच्या नंतर कोण?"