धोंडोपंत गेंड्याचा दोन दारांचा फ्रीज

एका जंगलात, म्हणजे आपल्या नेहमीच्याच जंगलात, जिथे सिंह स्वतःला राजा म्हणवतो आणि बाकीचे कशाला वाद म्हणून गप्प बसतात, तिथे धोंडोपंत नावाचा एक गेंडा राहत असे.

बाळांनो, गेंड्याची कातडी जाड असते असं तुम्ही ऐकलं असेल. मोठी माणसं एकमेकांना तसं म्हणतातही. पण धोंडोपंतांची कातडी नुसती बाहेरून जाड होती. आतून ते अगदी भिडस्त. कुणी काही मागितलं की 'नाही' हा शब्द त्यांच्या घशापर्यंत यायचा, तिथे जरा घुटमळायचा आणि मुकाट्याने परत पोटात जायचा.

त्यांचं दह्या-ताकाचं दुकान होतं. दूध रानम्हशींकडून यायचं. विरजण लावायची त्यांची बायको, गोदाक्का. तिच्या हाताला चव होती. पण उन्हाळ्यात दुपार टळेपर्यंत दही आंबून जायचं, ताक फसफसायचं आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून जायचं.

"अहो, दुकानाला एक फ्रीज घेऊ या," गोदाक्का म्हणाली.

जंगलात वीज कुठून आली असं विचारू नका. गेंड्याची बायको बोलली तेव्हा विचारलं नाहीत, मग आताच कशाला?

तर फ्रीजचं दुकान होतं एका पेंग्विनचं. त्याला उन्हाचा भारी त्रास. म्हणून तो स्वतःच्याच मालात बसायचा आणि गिऱ्हाईक आलं की दार किलकिलं करून बोलायचा. धोंडोपंत त्याच्याकडे गेले, तेव्हा सोबतीला अर्धं जंगल निघालं. खरेदीला एकट्याने जाणं आपल्याकडे बरं दिसत नाही.

"रोजचं दही किती?" पेंग्विनने दार किलकिलं करून विचारलं.

"चारपाच मडकी."

"मग तो कोपऱ्यातला घ्या."

कोपऱ्यात एक बुटका, जाड पत्र्याच्या दाराचा फ्रीज उभा होता. दिसायला अगदी घुम्या. आणि त्याच्या शेजारी होता दोन दारांचा, उंच, काचेचा. आत दिवा. दिवा लागला की रिकाम्या फळ्यासुद्धा श्रीमंत दिसायच्या.

"मोठाच घ्या, पंत," बिबटेराव म्हणाले. "वस्तू घेतानाच मोठी घ्यावी. मागाहून पस्तावा नको."

"आणि काचेचाच," माकडमावशी म्हणाली. "आत काय आहे ते बाहेरून दिसायला नको का?"

"पंत," पेंग्विन हळूच म्हणाला, "हे मी माझ्या धंद्याच्या विरुद्ध सांगतोय. ज्यांना मोठा फ्रीज लागत नाही, त्यांनी तो घेऊ नये. मोठा फ्रीज कधी रिकामा राहत नाही."

धोंडोपंतांना ते पटलं होतं. पण त्यांनी मागे वळून पाहिलं, तर अर्धं जंगल त्यांच्याकडे किती आशेने बघत होतं! त्या आशेचा अर्थ त्यांना तेव्हा कळला नाही. त्यांना वाटलं, माझं भलं व्हावं म्हणून बिचारे जीव टाकतायत.

आता जरा वाईट वाटेल असं सांगतो. धोंडोपंतांकडे वाडवडिलांपासून आलेलं एक डबकं होतं. गेंड्याला चिखल म्हणजे चैन नव्हे, औषध असतं. अंगाला चिखल नसला तर उन्हाने कातडी तडकते. दुकान बंद केलं की नवराबायको त्या डबक्यात शेजारी शेजारी लोळायची आणि दिवसभराच्या गोष्टी करायची. बुटका फ्रीज घेतला असता तर अर्धं डबकं रानडुकराला विकून भागलं असतं. मोठ्यासाठी सगळं विकावं लागलं.

गोदाक्काने एकदा डबक्याकडे बघितलं आणि विरजणाचं भांडं घासायला बसली. ती भांडली असती तर धोंडोपंतांना बरं वाटलं असतं.

फ्रीज आला. पेंग्विनने बसवताना बजावलं, "भिंतीपासून हातभर लांब ठेवा. आतली गरमी या मागच्या जाळीतून बाहेर पडते, तिला वारा हवा. जाळीवरची धूळ झाडत जा. महिन्यातून एकदा सगळा माल बाहेर काढा, बटण बंद करा आणि आतला बर्फ वितळू द्या. दार कामापुरतंच उघडा. एवढं केलंत तर नातवंडांना पुरेल."

धोंडोपंतांनी मान डोलावली. मान डोलावणं त्यांना छान जमायचं.

पहिले काही दिवस सुखाचे गेले. दही घट्ट, ताक असं गार की पिणाऱ्याचे दात शिवशिवावेत. मग एके सकाळी बिबटेराव खांद्यावर अर्धं सांबर टाकून आले.

"जरा ठेवतो हं, पंत. दोनच दिवस. तुमच्याकडे वरची फळी रिकामीच आहे."

'नाही' घशापर्यंत आला आणि परत गेला. "ठेवा की," धोंडोपंत म्हणाले.

बिबटेरावांचं ठेवलं म्हटल्यावर माकडमावशीच्या आंब्यांनी काय घोडं मारलं होतं? तेही आले. त्या सांबराचा भाऊ कोवळ्या गवताचा भारा घेऊन आला. "कोमेजतंय हो," म्हणाला. त्याचं गवत खालच्या फळीवर गेलं आणि वरच्या फळीवर त्याने बघू नये म्हणून धोंडोपंत तो येईल तेव्हा पुढ्यात आडवे उभे राहू लागले.

ज्याची वस्तू आत, तो दिवसातून दहादा येऊन दार उघडी. नुसतं बघायला. माकडमावशी तर दार उघडं टाकून आंबे दाबत बसायची आणि गारव्यात तिला गप्पा सुचायच्या.

राहिली होती मागची बाजू. तिथे ऊब असते हे मुंगूसवहिनींना कळलं. त्या नुकत्याच बाळंत झालेल्या. पिल्लं, गोधडी, उशी घेऊन त्या जाळीला टेकून राहायला आल्या.

"वहिनी, तिथे जरा वारा लागतो…" धोंडोपंत चाचरत म्हणाले.

"बाळंतिणीला वारा?" वहिनींनी डोळे मोठे केले. "मला शेक हवाय, भावजी! अन् तुमच्या यंत्राला फुकटची गरमी टाकायचीच आहे ना?"

वहिनींनी वाऱ्याची उरलीसुरली फटसुद्धा गोधडीने बुजवून घेतली.

"भीड भिकेची बहीण असते," गोदाक्का रात्री जेवताना म्हणाली. "तुमच्या भिडेपायी आपल्या दह्याला फ्रीजमध्ये जागा उरली नाही. दोन मडकी बाहेर राहिली आज."

महिना भरला. फ्रीज रिकामा करायचा म्हणून धोंडोपंत दारोदार हिंडले. "मावशींनी आंबे काढले की मी काढतो," बिबटेराव म्हणाले. "गवत निघू दे, मग आंबे काढते," मावशी म्हणाली. सांबराचा भाऊ म्हणाला, "सगळ्यांच्या आधी मीच का?" दुसरा महिना भरला, तिसरा भरला. बर्फ वाढत गेला. आधी गवत दिसेनासं झालं, मग आंबे, आणि अर्धं सांबर तर बर्फात असं गडप झालं की धोंडोपंतांना पुढ्यात उभं राहायची गरज उरली नाही. यंत्र रात्रंदिवस कण्हत होतं.

अशातच दवंडी पिटली गेली. सिंहमहाराजांच्या छाव्याचं बारसं! श्रीखंड धोंडोपंतांकडचं! आणि महाराजांनी सांगितलं, "श्रीखंड गार आणि गोड निघालं, तर मागाल ते देईन. आंबट निघालं, तर दुकान उचलायचं."

काय मागायचं हे धोंडोपंतांना विचार न करता कळलं. गोदाक्काच्या पाठीला त्या उन्हाळ्यात भेगा पडल्या होत्या. ती कण्हायची नाही, फक्त कूस बदलताना दात आवळायची. धोंडोपंतांना ते बघवत नव्हतं. नदीकाठी महाराजांच्या मालकीचं एक डबकं होतं, झाडाच्या सावलीतलं. तेच मागायचं.

गोदाक्काने चक्का टांगला. आणि बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी फ्रीजने एक लांब हुंदका दिला आणि तो बंद पडला.

बातमी वणव्यासारखी पसरली. सगळे धावत आले, आपापल्या वस्तूंसाठी.

"तरी मी सांगत होतो, निगा राखा!" बिबटेराव टाचेने बर्फ फोडत म्हणाले.

"परक्याची वस्तू ठेवून घ्यायची तर जबाबदारी नको?" माकडमावशीने लिबलिबीत आंबे पदरात घेतले. सांबराच्या भावाने गवत घेतलं आणि बिबटेरावांच्या खांद्यावरच्या अर्ध्या सांबराकडे बघत तो निघून गेला. मुंगूसवहिनींनी पिल्लं उचलली. "शेकच नाही तर इथे राहून काय करायचं?" म्हणाल्या आणि जाताना गोधडी झटकून गेल्या.

पाहता पाहता दुकान ओस पडलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. धोंडोपंत पायरीवर बसले आणि रडले. गेंडा रडतो तेव्हा ते लपून राहत नाही.

पेंग्विनला बोलावणं गेलं. तो बर्फाच्या पेटीत बसून आला. त्याने मागे डोकावून पाहिलं, पुढे डोकावून पाहिलं आणि झाकणाआडून विचारलं, "सगळा माल निघाला?"

"निघाला."

"मागची मंडळी?"

"गेली."

"मग बिघाडही गेला. जाळी झाडा, बर्फ वितळू द्या, मग बटण दाबा. याला तेवढंच हवं होतं."

धोंडोपंतांनी जाळी झाडली. गोधडीचा कापूस निघाला, मुंगसांचे केस निघाले. तीन महिन्यांचा बर्फ वितळू लागला. पाणी दारातून पायरीवर आलं, पायरीवरून अंगणात. अंगणातल्या मातीचा मऊ, थंड चिखल झाला. गोदाक्का त्याच्याकडे बघत राहिली. मग ती त्यात आडवी झाली आणि तिने डोळे मिटले.

तिन्हीसांजेला त्यांनी बटण दाबलं. घुंऽऽ! फ्रीज नव्यासारखा चालू झाला. गोदाक्काने श्रीखंडाची पातेली आत सरकवली. घाईघाईत काचेवर गोणपाट टाकलं, आतला माल उगाच दिसायला नको म्हणून.

एवढ्यात फाटक वाजलं. माकडमावशी! काखेत नव्या आंब्यांची टोपली.

"काय हो पंत, झाला का चालू?"

'हो' धोंडोपंतांच्या ओठांवर आला होता. त्यांनी आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. गोदाक्काच्या पाठीवरचा चिखल अजून ओला होता.

"नाही," ते म्हणाले.

तो शब्द इतक्या सहज निघाला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"नाही?"

"गेला तो. कायमचा."

"मग हे घुंऽऽ काय वाजतंय?"

"माझं पोट. सकाळपासून उपाशी आहे."

"अरेरे," मावशी म्हणाली आणि टोपली घेऊन घाईने परत फिरली. उपाशी माणसासमोर आंबे घेऊन उभं राहणं बरं नव्हे.

बारशाला श्रीखंड असं गार निघालं की छाव्याने पाळण्यातूनच पंजा मारला. महाराजांनी मिशी पुसत विचारलं, "फ्रीज तर बंद पडला म्हणतात. मग एवढं गार कसं?"

"वाळूत माठ पुरला होता, महाराज."

"वाऽ!" सगळं जंगल एका सुरात म्हणालं. "जुनं ते सोनं! यंत्रात ही चव नव्हती!"

"मी पहिल्यापासून सांगत होतो," बिबटेराव बोटं चाटत म्हणाले, "फ्रीजच्या नादी लागू नका."

महाराजांनी शब्द पाळला. आता नदीकाठच्या डबक्यात धोंडोपंत आणि गोदाक्का शेजारी शेजारी लोळतात आणि दिवसभराच्या गोष्टी करतात. दुकानात मागच्या बाजूला गोणपाटाखाली काहीतरी उंच उभं असतं. त्यावर पाटी आहे, 'बंद आहे'. महिन्यातून एक दिवस दुकानालाही सुट्टी असते. माठ धुतात म्हणे.

परवा बिबटेराव आले होते. खांद्यावर अर्धं चितळ.

"पंत, तुमच्या त्या माठात जरा ठेवतो हं. दोनच दिवस."

"माठ फुटला," धोंडोपंत म्हणाले. पापणीसुद्धा लवली नाही.

"मग हे ताक गार कसं?"

"आमच्या हिच्या हाताचा गुण."

बिबटेराव चितळ घेऊन परत गेले. तेव्हापासून जंगलात सगळे म्हणतात, धोंडोपंत पूर्वीसारखे राहिले नाहीत. फार जाड कातडीचे झालेत.

तात्पर्य: यंत्राची निगा मनापासून राखावी, ते सदैव चालू स्थितीत ठेवावं, आणि ते चालू आहे हे मरेपर्यंत कुणाला कळू देऊ नये.