जुने पार्ट डिकीत ठेवलेत

हेडक्लार्कांच्या गाडीचा ब्रेक किंचाळायला लागला, तेव्हा मेहुण्याने फुकटचा सल्ला दिला. "दाजी, गॅरेजवाले जुनंच पुसून परत बसवतात. काढलेले पार्ट मागून घ्यायचेच!"

घरातला टीव्ही सासूबाईंचा, आरामखुर्ची मांजराची. हेडक्लार्कांचं म्हणावं असं ही जुनाट गाडीच काय ती होती. ते कंबर कसून गॅरेजात गेले.

मिस्त्रींनी पुढचं चाक काढून उसासा टाकला. "पॅड पार संपलेत, साहेब."

"बदला. पण जुने मला परत हवेत."

"डिकीत ठेवतो की!"

किंचाळणं थांबलं. मात्र पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबला आणि मागून आवाज आला, धाड!

हेडक्लार्क तसेच माघारी फिरले. मिस्त्रींनी गाडी फिरवून आणली. "मीही ऐकला. मागून येतोय म्हणजे मागचे ब्रेक."

मागचं सगळं बदललं. जुनं लोखंड गोणीत भरून डिकीत गेलं. आता ब्रेक दाबला की धाड-धुडुम! मग पुढच्या दोन्ही डिस्क बदलल्या, एकेक ताटाएवढी. त्याही इमानेइतबारे गोणीत गेल्या. चाक उघडायची मजुरी दर खेपेला नव्याने लागत होती. पार्ट जुने होतात, मजुरी होत नाही. आता हॉर्न न वाजवताच माणसं रस्ता सोडू लागली.

"आणखी एक बिल आलं, तर गाडी विकायची," बायकोने बजावलं होतं. तिसरं बिल आलं.

"भंगाराच्या भावात का होईना, माझा भाऊ घेतोय. उपकार समजा!"

रविवारी मेहुणा आला. किल्ली घेतली, स्टेपनी आहे का बघायला डिकी उघडली आणि दोन्ही हातांनी गोणी ओढून बाहेर काढली.

"ही तुमची, दाजी. परक्याची वस्तू आपल्याला नको बाबा."

गाडी निघाली. कोपऱ्यावर आडवी सायकल आली, मेहुण्याने करकचून ब्रेक दाबला. हेडक्लार्कांनी सवयीने डोळे मिटून घेतले.

काहीच वाजलं नाही. गाडी गुमान थांबली आणि गुमान वळली.

ते बराच वेळ गोणीकडे बघत राहिले.

वरून बायकोने विचारलं, "गेला का हो एकदाचा तो आवाज?"

"गेला," हेडक्लार्क म्हणाले. "गाडीसकट."

मग गोणी खांद्यावर टाकून ते जिना चढू लागले. दर पायरीला धाड-धुडुम होत होतं.