सहा सुतांचा वाक

मेश्राम काकाजी कोणाच्याही घरी गेले की आधी दिवाणाखाली डोकावतात. नवीन माणूस घाबरतो. त्याला वाटतं, मांजर शिरलं असेल. काकाजी उठतात, गुडघे झटकतात आणि सांगतात, "मधात अर्धा इंच वाकली फळी. पाहुण्याले कडेले बसवत जा."

प्रताप नगरात ते आमच्या शेजारीच राहतात. नोकरीत होते तेव्हा खेड्यांतले लहान पूल बांधायचे. कशावर किती ओझं ठेवलं तर ते किती वाकेल, हा हिशेब त्यांच्या डोक्यात अजून चालूच आहे. चौकातल्या भाजीवाल्यानं फळीच्या मधोमध कोहळे रचले होते, ते यांनी एकेक करून कडेला नेले.

"काकाजी, घ्याचं असन तर घ्या, माझं दुकान काहून हलवून राहिले?" भाजीवाला ओरडला.

"तुटन तवा तुटन गा, पहिले वाकते किती ते पाह्य!" काकाजी म्हणाले, आणि काहीच न घेता खुशीत घरी आले.

मीही तोंडाला पदर लावून हसायची. पण एकदा त्यांनी माझ्या हातात लोखंडी पट्टी दिली. दोन्ही टोकांखाली पुस्तकं, मधोमध वजन. मग पुस्तकं दुप्पट अंतरावर सरकवली, वजन तेच.

"आता किती वाकन, सांग वं संगीता?"

"दुप्पट."

"आठपट!"

मला खरं वाटेना. मी स्वतः मोजलं. आठपटच! शाळा चौथीत सुटली, पण पाढे माझे पक्के आहेत. दोन दुणे चार, चार दुणे आठ, आणि हे त्या पट्टीला ठाऊक होतं! त्या दिवशी माझी भाजी करपली. आमचे हे विचारत होते काय झालं, आणि मी पोळपाटाजवळ भाजी हलवायचा सराटा आडवा-उभा करून दाबून पाहत होते.

मागच्या महिन्यात आमच्या लेकीचं, करुणाचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. आदल्या दिवशी ह्यांनी विटा रचून त्यावर सात फुटी फळी टाकली, नवरा-नवरीला बसायला. फळी पुसून होते न होते तोच काकाजी सुतळी आणि मोजपट्टी घेऊन हजर.

"दोघं बसतीन, मंग मामा बसन, फोटोत याले आत्या बसन. मोजल्याशिवाय मी पास करत नाही."

त्यांनी फळीची लांबी, रुंदी, जाडी घेतली आणि फरशीवर खडूनं हिशेब मांडला. दहा किलोला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. "माझं वजन साठ. मी मधात बसतो. सहा सूत वाकली पाह्यजे."

फळीच्या कडेला सुतळी ताणली. काकाजी मधोमध बसले. सुतळी आणि फळी यांतलं अंतर मी मोजलं. पाच.

"नीट पाह्य वं."

तीनदा पाहिलं. पाचच.

"कमी वाकली तर चांगलंच झालं नं जी!" हे म्हणाले. "खाप्याहून नवरदेवाकडले पाहुणे उद्या सकाळीच येऊन राहिले."

"कमी वाकली म्हणजे मले ही फळी समजली नाही. जे समजलं नाही त्याच्यावर पोरीले बसवू काय?" आणि काकाजी चक्क विटा काढायला लागले. ह्यांचा चेहरा लाल झाला. करुणा दारात रडवेली उभी. पण मला फरशीवर काकाजींनी खडूनं लिहिलेले सहा दिसत होते. त्यांचा हिशेब चुकलेला मी कधीच पाहिला नव्हता.

पुरुषांच्या बोलण्यात मी पडत नाही. पण उद्याच्या जेवणासाठी आणलेला तांदळाचा कट्टा कोपऱ्यात होता, तीस किलोचा. तो मी ओढत आणला.

"काकाजी, त्या विटा राहू द्या. हा मधात ठेवा."

ठेवला. मोजलं. तीन सूत! बरोबर तीन!

"फळी बरोबर हाये, काकाजी. हिशेब बी बरोबर हाये."

"मंग?"

मी फरशीकडं पाहत बोलले, "तुमचंच वजन पन्नास असन."

हे हसले. काकाजी हसले नाहीत. त्यांनी पँटचा पट्टा चाचपला. शेवटच्या भोकाच्याही पलीकडं, खिळ्यानं पाडलेलं एक भोक होतं.

"साठ कवा मोजलं होतं?" मी विचारलं.

"तुझी काकू होती तवा." त्यांनी पट्ट्याचं टोक आत खोचलं. "तीच सांगे, शर्ट ढिला झाला म्हणून. वर्षभरात कोणी म्हटलंच नाही."

"जेवता काय रोज?"

"चहात टोस्ट बुडवतो. एकट्यासाठी काय कुकर लावाचा?"

त्यांनी ओल्या बोटानं साठ पुसले, तिथं पन्नास लिहिले, पूर्ण हिशेब परत केला. "पास," म्हणाले. करुणा हसत आत पळाली.

"आजपासून दोन्ही टाइम ताट आमच्याकडं," मी म्हटलं. "एकच सूत तर वाढवाचं हाये, काकाजी."

ते सुतळी गुंडाळत राहिले. मान वर न करता म्हणाले, "वरण पातळ ठेवजो वं. ती तसंच करे."