काशिनाथभाऊंच्या मानेतलं इंजेक्शन

आमच्या भातसानगर वसाहतीत कुठलंही जेवण असलं, की पंगतीतली माणसं मोजायला काशिनाथभाऊ न बोलावता हजर. बोट नाचवत, ओठ हलवत ते दोनदा मोजणार, मग आचाऱ्याला आकडा सांगणार. आणि दर वेळी एक पान कमी पडणार. कारण भाऊ स्वतःला मोजतच नसत. "माझं काय, बाई? मी हायेच ना उभा!" असं म्हणून पातेल्यापाशी उभ्याउभ्याच जेवत.

मी इथल्या शाळेत शिक्षिका. ते शेजारच्या खोलीत एकटे राहणारे, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या इथल्या धरणावरून निवृत्त झालेले. आमच्या सहलीची एसटी सुटताना मुलं मोजायचे, देवळात आरतीला भक्त मोजायचे. एका लग्नात तर त्यांनी फोटोवाल्याला थांबवून नवरीकडचे सगळे मोजले. मुहूर्त टळता टळता राहिला.

हे खूळ कुठून आलं, ते एका दुपारी त्यांनी आपणहून सांगितलं. तरुणपणी ते स्वतःच्या होडीतून चार दोस्तांना जलाशयापलीकडे हळदीला घेऊन निघाले होते. मधोमध वारा उठला, होडी उलटली. भाऊंनी एकेकाला ओढून काठावर आणलं आणि डोकी मोजली. चार.

"सगळे आलो, म्हटलं. हसलो पन, बाई. मंग समजलं, चौथा मीच होतो."

पाण्यात राहिला तो सापगावचा बाळाराम. तेव्हापासून रोज पहाटे तो स्वप्नात यायचा, खाटेच्या कडेला बसायचा. केसांतून पाणी गळत असायचं. विचारायचा, "काशा, सगळे आलो ना?" भाऊ घामाघूम होऊन उठायचे आणि दिवसभर दिसेल ते माणूस मोजत सुटायचे.

शहापूरच्या डॉक्टरांनी त्यांना मुंबईच्या एका रुग्णालयात पाठवलं. मोठ्या आघातानंतर ज्यांचं मन त्याच क्षणात अडकून राहतं, त्यांच्या मानेतल्या मज्जातंतूंपाशी तिथले डॉक्टर इंजेक्शन देऊन बघत होते. गुण येतो की नाही, ते अजून ठरायचं होतं. संमतीपत्र मीच वाचून दाखवलं. काहींना औषध, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं, ते सांगणार नाहीत.

"जल्मभर आमी मुंबईला पानी पाजलं," भाऊ म्हणाले, "आता ती मला पानी टोचनार? टोचू दे!" आणि झोकात सही केली.

इंजेक्शननंतर त्यांची एक पापणी अर्धी मिटली, आवाज बसला. काही तासांत उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. पण तेवढ्यात आम्ही शहापूरच्या स्टँडवर उतरलो, आणि एक भाजीवाली कडाडली, "काय रे म्हाताऱ्या, डोळा मारतोस?" भाऊ घोगऱ्या आवाजात "इंजेक्शन... इंजेक्शन..." एवढंच म्हणत राहिले. मी मध्ये पडले म्हणून मेथीची जुडी त्यांच्या डोक्यात बसली नाही.

त्यानंतर भाऊ बदलले. पाण्यावरून धुकं सावकाश वसाहतीत शिरायचं, विरायचं, ऊन ओट्यावर चढायचं, तरी त्यांचं दार बंदच. आत शांत घोरणं. गणपतीच्या जेवणाला त्यांनी माणसं मोजलीच नाहीत. मला आनंद झाला. पण महिन्याभराने ते माझ्या दारात आले, ते पडलेला चेहरा घेऊन.

"बाई, बाळाराम यायचा बंद झाला."

"मग चांगलंच झालं की, भाऊ!"

"झोप लागते, खोटं कशाला बोलू? पन त्याच्याबिगर माझ्याकडं कोन येत होतं?"



रविवारी ते मला सोबतीला घेऊन सापगावला निघाले. बाळारामच्या घराची पायरी ते इतकी वर्षं चढले नव्हते. त्याची आई अंगणात वाल सोलत बसली होती. नव्वदीची, नजर अधू.

"कोन रे?"

"मी काशा."

तिचे हात थांबले. भाऊ उभेच. मग एका दमात म्हणाले, "आये, तुझा बाळाराम रोज माझ्या सपनात येत होता. आता येत नाय. म्हनून मीच आलो."

म्हातारीने हातातला वाल सुपात टाकला. अंगणात एक पिकलेलं पान गिरक्या घेत उतरलं.

"तुझ्याकडं येत होता?" ती हळूच म्हणाली. "माझ्याकडं एकदाबी आला नाय रे. कसा दिसत होता, सांग ना."

मी भाऊंकडे पाहिलं. ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"कोरडा होता, आये," ते म्हणाले. "अंगात धुतलेला सदरा, केस नीट विंचरलेले. नि हसत होता."

मग त्यांनी सूप आपल्याकडे ओढलं आणि वाल सोलायला लागले.